दुसऱ्या पंगतीची माणसं

‘स्कायरिम’ हा व्हिडिओ गेम ११ नोव्हेंबर २०११ ला आला. तेव्हा दहावीला असलेली मुलं पुढे बारावी झाली, इंजिनियर झाली, नोकरीला लागली, काहींची लग्नंही झाली, आणि मग २९ सप्टेंबर २०२२ ला तोच गेम जीओजी नावाच्या दुकानात विक्रीला आला. जवळजवळ अकरा वर्षांनी. मधल्या काळात तो जुन्या कन्सोलवरून नव्या कन्सोलवर गेला, निन्टेंडो स्विचवर गेला, डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर चष्म्यात गेला. एवढंच कशाला, २०१८ मध्ये अ‍ॅलेक्साशी बोलून खेळायची त्याची एक विनोदी आवृत्तीही निघाली. घरातल्या स्पीकरचा नंबर लागला, पण जिथून घेतलेला गेम खऱ्या अर्थाने घेणाऱ्याच्या मालकीचा होतो, त्या दुकानाचा नंबर सगळ्यात शेवटी लागला.

ज्यांना हे दुकान माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सीडी प्रोजेक्ट ही पोलंडची कंपनी, ‘विचर’ आणि ‘सायबरपंक २०७७’ वाली. तिने २००८ मध्ये जीओजी सुरू केलं ते जुने गेम विकायला. पुढे नवेही आले. तिथली अट एकच: गेमला कुलूप नाही. म्हणजे डीआरएम, नक्कल रोखायला गेममध्ये घातलेली बंदी, नाही. पैसे द्या, इन्स्टॉलर उतरवून घ्या, हार्ड डिस्कवर ठेवा, नेट तोडून टाका, गेम चालणार. उद्या दुकान बुडालं तरी चालणार. याउलट २००३ मध्ये सुरू झालेलं व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम. पीसीवर गेम खेळणाऱ्यांची मुख्य पेठ तीच. मार्च २०२५ मध्ये तिथे एकाच वेळी हजर असलेल्यांचा आकडा ४ कोटींच्या पुढे गेला. तिथे आपण घेतो तो गेम नसतो, गेम वापरायचा परवाना असतो. कॅलिफोर्नियाने डिजिटल विक्रीत ‘खरेदी’ हा शब्द जपून वापरायला लावणारा कायदा केल्यावर, २०२४ च्या शेवटी शेवटी, स्टीमने पैसे भरायच्या पानावर तसं स्पष्ट लिहायलाही सुरुवात केली.

मी जीओजीचं गिऱ्हाईक आहे, तेव्हा मी तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकतो. वर्षानुवर्षं मी एकच दृश्य पाहतोय. मोठा गेम जाहीर होतो, खाली स्टीमचं चिन्ह असतं, हल्ली एपिक नावाच्या दुकानाचं असतं, आणि आमच्या दुकानाचं नाव नसतं. मग कुणीतरी विचारतं, ‘जीओजीवर कधी?’ उत्तर येत नाही, किंवा ‘सध्या सांगण्यासारखं काही नाही’ असं येतं. सहा महिने, वर्ष, तीन वर्षं जातात, आणि एखाद्या मंगळवारी अचानक गेम दुकानात दिसतो. काही गेम कधीच दिसत नाहीत.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे पायरसी. कुलूप नसलेला इन्स्टॉलर पहिल्याच दिवशी विकायला ठेवला तर संध्याकाळपर्यंत तो जगभर फुकट वाटला जाईल, म्हणून प्रकाशक थांबतात. ऐकायला पटतं. पण थोडं खोदलं की हे उत्तर मोजक्याच गेमना लागू पडतं.

प्रकाशक ज्याच्यासाठी पैसे मोजतात ते खरं कुलूप म्हणजे डेन्यूवो. ते फोडायला वेळ लागतो, कधी महिने लागतात, कधी ते फुटतच नाही. या कुलपाने खरोखर किती पैसे वाचतात यावर विल्यम व्होल्कमन या संशोधकाचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष दोन्ही बाजूंना बोचणारा आहे. गेम पहिल्याच आठवड्यात फुटला तर सरासरी २० टक्क्यांच्या आसपास उत्पन्न बुडतं. म्हणजे ‘पायरसीने काही फरक पडत नाही’ हे आम्हा लोकांचं आवडतं वाक्य खोटं. पण साधारण १२ आठवडे उलटले की फुटला काय नि न फुटला काय, नुकसान जवळपास शून्य; म्हणजे वर्षानुवर्षं कुलूप लावून बसणाऱ्या प्रकाशकाची सबबही खोटी. डेन्यूवो लावलेला गेम तीन महिने जीओजीवर येत नाही, यावर माझी तक्रार नाही. त्याच्या धंद्याचा हंगामच तेवढा असतो. तीन महिन्यांची तीन वर्षं होतात तेव्हा मात्र पायरसीचं नाव घेऊ नये.

शिवाय स्टीमवरच्या असंख्य गेमना डेन्यूवो नसतंच. त्यांना असतं ते फार तर स्टीमचं स्वतःचं वेष्टन. आणि त्या वेष्टनाबद्दल खुद्द व्हॉल्व्ह आपल्या तांत्रिक माहितीत विकासकांना, म्हणजे गेम बनवणाऱ्यांना, सांगते की हा पायरसीवरचा उपाय नव्हे, ज्याला काढायचं तो सहज काढेल. बऱ्याच गेमना तेवढंही नसतं. फोल्डर उचलून दुसऱ्या पीसीवर टाकला तरी ते चालतात. असे उघड्या दाराचे गेमही जीओजीवर उशिरा येतात. दार तिथेही उघडं आणि इथेही उघडं, मग चोराची भीती इथेच का?

एक जुनी गंमत यातच सांगायला हवी. २०११ मध्ये ‘विचर २’ आला तेव्हा जीओजीवर तो पहिल्या दिवसापासून विनाकुलूप होता आणि दुकानांत मिळणाऱ्या डीव्हीडीवर मात्र डीआरएम होतं. पायरसीच्या बाजारात आधी कुठला फिरला? डीव्हीडीवरचा, फोडलेला. कुलूप फोडण्यातच ज्यांना मजा येते त्यांना उघड्या दारातून जाण्यात रस नव्हता. ‘विचर’वाल्या सीडी प्रोजेक्टच्या मार्चिन इविन्स्की यांनीच हे पुढे सांगितलं. आणि अलीकडचं उदाहरण हवं तर ‘बाल्डर्स गेट ३’. ३ ऑगस्ट २०२३ ला पूर्ण गेम आला, स्टीमवर आणि जीओजीवर एकाच दिवशी, म्हणजे विनाकुलूप प्रत पहिल्या दिवसापासून बाजारात. त्याच महिन्यात एकट्या स्टीमवर एका वेळी तो खेळणाऱ्यांचा आकडा ८ लाख ७५ हजारांवर गेला. उघड्या दाराने तो बनवणाऱ्या लॅरियनचं काही वाकडं झालं नाही. अर्थात, लॅरियन स्वतःच विकासक आणि स्वतःच प्रकाशक. मध्ये कुणी हिशेबनीस बसलेला नव्हता, हेही लक्षात घ्यायला हवं.

माझ्या मते उशिराचं खरं कारण चोरीच्या धाकात नाही, मोठ्या पेठेच्या रचनेत आहे. ती रचना प्रकाशकाला सतत सांगत असते की पहिल्या आठवड्यातलं प्रत्येक गिऱ्हाईक आमच्याच दारातून आलं पाहिजे.

स्टीमवर २०२४ या एका वर्षात १८ हजारांहून जास्त गेम आले. रोजचे पन्नास. या गर्दीत आपला गेम पहिल्या पानावर दिसायचा तर पहिल्या काही दिवसांत विक्री एकदम व्हावी लागते. गेम आधीच ‘हवा’ म्हणून विशलिस्टमध्ये टाकून ठेवलेल्यांना तो आल्याचा ईमेल जातो, ते घेतात, विक्री चढते, चढलेली विक्री पाहून स्टीम तो गेम आणखी लोकांना दाखवतं. आता यातली दहा टक्के माणसं जीओजीवर गेली तर फक्त दहा टक्के विक्री इकडची तिकडे होत नाही. स्टीमवरचा चढ तेवढा उतरतो आणि त्या चढाने आपोआप होणारी पुढची विक्रीही जाते. अभिप्रायांचंही तेच. सप्टेंबर २०१६ पासून स्टीमवरच्या गेमच्या गुणांकनात फक्त स्टीमवरच पैसे मोजून घेतलेल्यांचा अभिप्राय धरला जातो. बाहेरून घेतलेला कोड (की) टाकून खेळणाऱ्याचं मत दिसतं, पण गुणांत मोजलं जात नाही. हा नियम लबाडी रोखायला आला होता, त्याला कारणही होतं. परिणाम मात्र असा की बाहेरच्या दुकानातलं गिऱ्हाईक प्रकाशकाच्या दृष्टीने मुकं झालं. पैसे देतं, पण बोलत नाही.

मग कमिशन. स्टीमचा हिस्सा ३० टक्के, हे सगळ्यांना ठाऊक आहे. २०१८ च्या शेवटी व्हॉल्व्हने त्यात पायऱ्या केल्या: एका गेमची कमाई १ कोटी डॉलरच्या वर गेली की पुढच्या कमाईवर २५ टक्के, ५ कोटींच्या वर २० टक्के. ही सवलत छोट्यांना नाही, मोठ्यांनाच आहे.  मोठ्या प्रकाशकाला त्यातून मिळणारा इशारा सरळ आहे. तुमचा माल जितका आमच्याकडे एकवटेल तितकं आमचं कमिशन उतरेल. जीओजीवर विकलेली प्रत त्या पायरीकडे नेत नाही, आणि जीओजीचा स्वतःचा हिस्साही साधारण ३० टक्क्यांचाच. मग मोठ्या प्रकाशकाने आमच्या दुकानाला पहिला दिवस का द्यावा? त्याच्या खुर्चीत बसलो असतो तर मीही कदाचित दिला नसता. वोल्फायर या विकासकाने २०२१ मध्ये व्हॉल्व्हवर अमेरिकेत दावा लावला, त्यातला एक आरोप असा की बाहेरच्या दुकानात कमी भावाने विकू नये म्हणूनही व्हॉल्व्ह दबाव आणते. तो आरोप खरा की खोटा हे न्यायालय ठरवेल. पण दबाव नसता तरी वर सांगितलेल्या गोष्टी पुरेशा होत्या.

दुसरं कारण रोजच्या कामाचं आहे आणि त्याबद्दल आम्ही गिऱ्हाईकं फारच कमी विचार करतो. आम्हाला वाटतं, फाइल तयार आहे, दुसऱ्या दुकानात चढवायला कितीसा वेळ? पण आजचा गेम दुकानाच्या भिंतीत गाडलेला असतो. मित्रांची यादी, एकत्र खेळायला खोली तयार करणं, अचीव्हमेंट्स, खेळ कुठवर आला ते (सेव्ह) क्लाउडवर ठेवणं, लोकांनी बनवलेले मॉड, म्हणजे गेममधले फेरफार, स्टीमच्या वर्कशॉपमधून उतरवणं, हे सगळं स्टीम फुकट देतं, आणि विकासक ते घेतात. मग तेच जीओजीवर चालवायचं तर त्या तारा कापून जीओजीच्या तारा जोडाव्या लागतात. एकदा नाही, प्रत्येक पॅचच्या, म्हणजे दुरुस्तीच्या, वेळी वेगळी बिल्ड (तयार प्रत), वेगळी चाचणी. ‘नो मॅन्स स्काय’ २०१६ मध्ये दोन्ही दुकानांत बरोबरच आला होता. २०१८ च्या जुलैमध्ये त्याचा ‘नेक्स्ट’ नावाचा मोठा अपडेट आला, ज्याची लोक दोन वर्षं वाट पाहत होते, त्यात खरं एकत्र खेळणं होतं. जीओजीवाल्यांना तेवढं सोडून बाकी सगळं मिळालं. एकत्र खेळणं नंतर येईल असं सांगण्यात आलं. जीओजीने ज्यांना हवे त्यांना पैसे परत दिले. छोट्या संघाकडे दोन भिंती रंगवायला माणसं नव्हती, एवढंच ते होतं. यात कुणी दुष्ट नव्हतं.

आमच्या दुकानाच्या पदरातही चुका आहेत. जीओजी गेम निवडून घेतं, आणि निवड म्हटली की नकार आला. झॅकट्रॉनिक्सचा २०१७ मधला ‘ओपस मॅग्नम’ हा कोडी सोडवायचा देखणा गेम त्यांनी आधी नाकारला, गिऱ्हाईकांनी आरडाओरडा केल्यावर मग घेतला. उशीर प्रकाशकाचा नव्हता, दारावरच्या माणसाचा होता. २०२१ मध्ये ‘हिटमॅन’ घेतला तर त्यातला बराच भाग नेटशिवाय उघडेना. विनाकुलूप म्हणवणाऱ्या दुकानात हे काय, म्हणून लोक तुटून पडले आणि महिनाभरात तो गेम काढून टाकावा लागला. त्याच्या आधी, डिसेंबर २०२० मध्ये, तैवानचा ‘डिव्होशन’ येणार अशी घोषणा झाली आणि काही तासांत ‘गेमर्सचे अनेक संदेश आले’ असं कारण देऊन मागे घेतली गेली. त्या गेममध्ये चीनच्या राष्ट्राध्यक्षांची खिल्ली उडवणारं एक चित्र सापडलं होतं आणि त्यावरून तो आधीच स्टीमवरून उतरवला गेला होता. गिऱ्हाईकाचा हक्क, मालकीचा सन्मान हे शब्द दुकानाच्या पाटीवर ठेवायचे तर अशा वेळी ते पाळावेही लागतात. २०२१ मध्ये दुकान तोट्यात होतं, माणसं आणि कामं दोन्ही आवरती घ्यावी लागली. तेव्हा प्रकाशकाला या दुकानाचा भरवसा वाटत नसेल तर त्याला सगळाच दोष देता येणार नाही. २०२५ च्या शेवटी सीडी प्रोजेक्टने जीओजी आपल्याच एका सहसंस्थापकाला, मिहाव किचिन्स्की यांना, विकून टाकलं. त्याचं पुढे काय होतं ते दिसेलच.

मग माझं म्हणणं काय? उशीर परवडतो, पण त्याचं जे समर्थन केलं जातं ते परवडत नाही. कारण तोच उशीर मोठ्या पेठेतल्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला आला तेव्हा काय झालं ते आपण पाहिलेलं आहे.

जानेवारी २०१९. ‘मेट्रो एक्झोडस’ महिनाभरात येणार होता, स्टीमवर आगाऊ विक्री चालू होती. एपिकने नुकतंच, डिसेंबर २०१८ मध्ये, फक्त १२ टक्के कमिशनचं दुकान उघडलं होतं आणि गेम खेचायला तिजोरीही उघडली होती. ‘मेट्रो’ने ऐन वेळी दुकान बदललं: स्टीमवर तो वर्षभर मिळणार नाही, फेब्रुवारी २०२० मध्ये मिळेल. केवढा गहजब झाला! लोकांनी रागाने मालिकेतल्या आधीच्या गेमवर वाईट अभिप्रायांचा मारा केला. व्हॉल्व्हने गेमच्या पानावर सूचना लावली की इतके दिवस आगाऊ विक्री केल्यानंतर हे स्टीमच्या गिऱ्हाइकांवर अन्यायकारक आहे. पुढे ‘बॉर्डरलँड्स ३’ सहा महिने, ‘कंट्रोल’ वर्षभर, तीच गत. तेव्हा जगभरच्या पानापानांवर गिऱ्हाइकाच्या हक्कांच्या गप्पा होत्या.

ऐन वेळी शब्द फिरवला हा त्यातला राग रास्त होता. पण बारा महिने थांबणं हा अन्याय असेल तर तो दुकानाच्या आकारावर ठरत नाही. स्टीमवाले थांबले तेव्हा तो ‘ग्राहकविरोधी प्रकार’ होता. जीओजीवाले थांबले की तो ‘धंद्याचा निर्णय’. फरक एवढाच की पहिल्यांना पहिल्या पंगतीची सवय होती. आणि आणखी एक फरक, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो: ‘मेट्रो’वाल्यांनी निदान महिना सांगितला होता. वर्षभर थांबायचं आहे हे माहीत असलेला माणूस ठरवू शकतो, थांबायचं की आत्ता दुसरीकडे घ्यायचं. आम्हाला कुणी तारीख सांगत नाही. पंगत बसेल की नाही हेच ठाऊक नसताना आम्ही ताट धुऊन मांडवात उभे असतो.

मुका उशीर प्रकाशकालाही तोट्याचा आहे, तो असा. जीओजीवर गेम दोन-तीन वर्षांनी येतो. ज्यांना तो खरोखर हवा होता त्यांनी तोवर वाट पाहून, कंटाळून, स्टीमवर घेतलेला असतो. उरलेले सवलतीची वाट बघतात. मग प्रकाशक आकडे काढतो: जीओजीवर खप अमुकच. आणि पुढच्या बैठकीत ठरतं की तिथे गिऱ्हाईकच नाही, पुढचा गेम तिथे आधी नेण्यात अर्थ नाही. शिळा माल मांडून खप मोजायचा आणि गावात भूकच नाही असा निष्कर्ष काढायचा. मी स्वतः एक गेम असा दोनदा घेतलाय. आधी पूर्ण पैसे देऊन मोठ्या दुकानात, कारण तो आमच्याकडे कधी येणार याचा पत्ता नव्हता. आणि तीन वर्षांनी आमच्याकडे आल्यावर पंच्याहत्तर टक्के सवलतीत, निव्वळ इन्स्टॉलर हातात असावा म्हणून. प्रकाशकाच्या वहीत मी कुठे दिसत असेन? स्टीमच्या रकान्यात एक उत्साही गिऱ्हाईक आणि जीओजीच्या रकान्यात एक कवडीचुंबक.

कधी कधी दुसऱ्या पंगतीला जेवण चांगलं मिळतं, हेही कबूल करतो. ‘होरायझन झिरो डॉन’ ऑगस्ट २०२० मध्ये स्टीम आणि एपिकवर आला तेव्हा बंद पडणं, अडखळणं अशा तक्रारींचा नुसता ढीग होता. त्यावर डेन्यूवो नव्हतं, तेव्हा जीओजीला उशीर कुलपामुळे झाला असं म्हणता येत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस तो आमच्याकडे आला तोवर एकामागोमाग एक पॅच पडून गेम बराच सुधारला होता. पहिल्या पंगतीने फुकट चाचणी करून दिली. उशिरा येणाऱ्या गेमबरोबर अनेकदा पुढचे सगळे भागही एकाच पेटीत येतात. म्हणून उशीर शून्यावर आणा असं मी म्हणत नाही. तारीख सांगा, आणि एकदा विकायला ठेवलात की पॅच त्याच आठवड्यात द्या. आम्हाला उशिरापेक्षा दुसऱ्या गोष्टीचा जास्त त्रास होतो. स्टीमवर १.६ आवृत्ती चालू असते, आमच्याकडे १.४ वर गाडी अडलेली असते, आणि मधली माणसं निघून गेलेली असतात. तो गेम विकू नये, खरंच.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगतो, कारण उशिराकडे पाहायची माझी नजर तिच्यामुळे थोडी बदलली. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने बनवलेला ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ १८ ऑगस्ट २०२० ला आला तो फक्त निन्टेंडो स्विचवर. पीसीवर यायला १५ ऑक्टोबर उजाडला. स्विच भारतात अधिकृतपणे विकलंही जात नव्हतं. म्हणजे पुण्यातल्या मुलांनी पुण्यात बनवलेला, राजस्थानी हवेल्या आणि दुर्गेची गोष्ट असलेला गेम पुण्यातल्याच बहुतेकांना दोन महिने खेळता आला नाही. मला तेव्हा राग आला होता. पण निन्टेंडोने त्यांना आपल्या जाहीर कार्यक्रमात जगापुढे उभं केलं, आणि छोट्या स्टुडिओसाठी तो मंच दोन महिन्यांच्या पीसी विक्रीपेक्षा मोठा होता. गेम आधी तिथे जातो जिथे त्याला कुणी हात धरून पुढे आणतं. एपिक हे पैशाने करतं, निन्टेंडो मंचाने करतं, स्टीम गर्दीने करतं. जीओजी काय देतं? चांगली गिऱ्हाईकं. पण ती किती आहेत हे त्याला कधी ताज्या मालावर सिद्धच करता आलेलं नाही.

भारतातून तर ती संख्या आणखीच कमी दिसणार, आणि त्याचं कारण आवड नसून पैसे भरण्याची पद्धत आहे. स्टीमने नोव्हेंबर २०१५ मध्ये रुपयात भाव लावायला सुरुवात केली; आज यूपीआयने दोन मिनिटांत गेम घेता येतो. जीओजीवर आपल्याला डॉलर दिसतात. कार्ड लागतं, त्यावर परदेशी व्यवहार चालू असावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनंतर नव्या कार्डावर ते मुळात बंदच असतात, आपण होऊन चालू करावे लागतात. वर बँकेचा चलन बदलण्याचा आकार. माझ्या कॉलेजातल्या भाच्याला मी जीओजीचं महत्त्व तासभर समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मामा, तिथे जीपे चालतं का?’ विषय संपला. स्टीमवरचा रुपयातला भाव अनेकदा डॉलरच्या भावापेक्षा चांगलाच कमी असतो, हे मी त्याला सांगितलंही नव्हतं. त्याला ते आधीच माहीत होतं.

तरीही गणपतीत मी रत्नागिरीकडे गावी जातो तेव्हा बॅगेत एक हार्ड डिस्क असते. तिथे पावसात वीज जाते, नेट तर वीज असतानाही जातं. ज्या गेमना सुरू होताना सर्व्हरला नमस्कार घालावा लागतो ते तिथे उघडत नाहीत. स्टीमची ऑफलाइन सोय आहे, पण ती आधी आठवणीने लावून जावं लागतं आणि मी ते दर वर्षी विसरतो. इन्स्टॉलर विसरायची सोय नसते, तो डिस्कवर असतो. लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत भाचा माझ्याच डिस्कवरचे गेम खेळतो आणि जीओजीबद्दल चकार शब्द काढत नाही.

त्या डिस्कवर मी एक टेक्स्ट फाइल ठेवलेली आहे. आमच्या दुकानात न आलेल्या गेमची यादी, प्रत्येकापुढे तो स्टीमवर आल्याची तारीख. दुसरा रकाना मी कोरा सोडलेला असतो. या वर्षी त्यात तीन तारखा भरल्या, आणि तिन्ही गेम सेलमध्ये घेतले. तिन्हींचे प्रकाशक पहिल्या दिवशी माझ्याकडून पूर्ण पैसे घेऊ शकले असते.